ग्लेनार्डीवरची बरणी

समुद्राच्या तळाला पहिल्यांदा हात टेकला तेव्हा शालनला वाटलं, हे तर मेतकूट. इतकं मऊ, इतकं बारीक दळलेलं. बोटं रुतली, अजून रुतली, आणि मग गारठा चढू लागला. आधी नखांत, मग पेरांत, मग मनगटात.

ती बसली होती विजयदुर्गच्या खाडीकाठी, सागर संशोधन केंद्राच्या एका खोलीत. बाहेर माघातलं ऊन पडलं होतं. कुणीतरी कोलंबी वाळत घातली होती, तिचा वास खिडकीतून येत होता. आणि शालनचे दोन्ही हात मात्र आइसलंडच्या उत्तरेला, एकोणीसशे मीटर खोल पाण्यात, एका बुडालेल्या बोटीच्या स्वयंपाकघरात चाचपडत होते.

हे कसं होतं ते निशिकांतनं तिला पहिल्या दिवशी समजावलं होतं. निशिकांत परब हा या केंद्राचा प्रमुख. पन्नाशी उलटलेला, टक्कल पडलेला, मोठा शास्त्रज्ञ. पण चाळीस वर्षांपूर्वी तो शालनच्या शिवणाच्या तासाला मागच्या बाकावर बसायचा, आणि बटणाचं काज त्याला शेवटपर्यंत जमलं नव्हतं.

"बाई, खाली एक यंत्र गेलंय," तो म्हणाला होता. "त्याला दोन हात आहेत. त्या हातांवर कातडीसारखा एक पापुद्रा आहे, आणि बोटाच्या एका पेरावर स्पर्श ओळखणारे दहा हजार ठिपके. त्यांना जे कळतं ते तारेनं वरच्या जहाजाला, तिथून उपग्रहाला आणि तिथून तुमच्या या हातमोज्याला. इथे बारीक बारीक टाचण्या तुमच्या कातडीला तसंच टोचतात, गार करतात, ओलं भासवतात."

"म्हणजे मी इथून शिवलं की तिकडं टाका पडणार?"

"अगदी तसंच. फक्त एक भानगड आहे. इथून तिथं जाऊन परत यायला अर्धा सेकंद लागतो. डोळ्याला तो चालतो, हाताला चालत नाही. तुम्ही अंडं उचलायला गेलात आणि त्याचा स्पर्श अर्ध्या सेकंदानं कळला, तर तोवर अंडं फुटलेलं असतं."

"मग?"

"मग हा हातमोजा तुमचा हात शिकतो. महिनाभर तुम्ही दोरा ओवा, कापड चिमटीत धरा, तांदूळ निवडा. तुमचा हात पुढच्या क्षणी काय करेल, त्याला काय लागेल, याचा तो अंदाज बांधतो आणि खरा स्पर्श येईपर्यंत तो अंदाजच तुम्हाला देतो. खरा आला की चूक दुरुस्त करतो. तुम्हाला पत्ताही लागत नाही."

"म्हणजे अर्धा सेकंद माझा हात स्वप्नात असतो म्हण की!"

निशिकांत हसला होता. "बाई, हे वाक्य मला अहवालात घालता आलं असतं तर किती बरं झालं असतं."

महिनाभर शालननं हातमोज्याला आपला हात शिकवला. बाहत्तर वर्षांचा हात. त्याला माहीत होतं ते सगळं तिनं शिकवलं: हेम, टीप, काज, वेणी घालणं, पंचाची घडी. आणि हातमोज्याच्या शिकवणीत नकळत आणखी एक गोष्ट गेली. ती म्हणजे दादरा, बरणीच्या तोंडाला बांधायचं फडकं. ते तिचा हात मनाशीच बांधत असे. बोलता बोलता, पदराच्या टोकालासुद्धा.

बोटीचं नाव ग्लेनार्डी. १९४२ च्या फेब्रुवारीत ती युद्धाचं सामान घेऊन उत्तरेकडे निघाली आणि एका पहाटे बुडाली. साहेब लोक अकरा होते, त्यांची नावं, वयं, गावं सगळं लिहिलेलं होतं. खाली बॉयलरवर आणि डेकवर कोकणातले त्रेचाळीस खलाशी होते. त्यांची नावं इतकी वर्षं कुठल्याही दगडावर नव्हती. आता आइसलंडच्या किनाऱ्यावरच्या एका गावानं ठरवलं होतं की त्यांचा दगड उभारायचा. जुनी कागदपत्रं धुंडाळून त्रेचाळीस नावं निघाली. ती कोरून झाली की हे जहाज सगळ्यांसाठी बंद होणार होतं. कबरस्तान म्हणून त्याला कुणी हात लावायचा नाही, असा करारच झाला होता. खाली गेलेलं यंत्र आज शेवटचं उतरलं होतं.

शालनला बोलावलं होतं ते कापडातली जाणकार म्हणून. त्या थंडीत कापड टिकतं. पाणी शून्याच्याही खाली, मिठामुळे न गोठलेलं. लाकूड खाणारे किडे तिथवर पोचत नाहीत आणि कुजवणारे जंतूही आळसावलेले असतात. पण चिखलातलं फडकं धोतर आहे की शीड की पोतं, हे आइसलंडच्या माणसाला कळणार कसं?

निशिकांतला तिनं सांगितलं नव्हतं ते असं की तिचे आजोबा, आईचे वडील, सखाराम कोयंडे, ग्लेनार्डीवर होते. आणि त्या त्रेचाळीस नावांत त्यांचं नाव नव्हतं. बोटीच्या जुन्या वहीत त्यांच्या नावापुढे एकच शब्द होता: फरारी. स्कॉटलंडच्या बंदरात उतरला, परत आला नाही.

गावात ही बातमी आणली पांडू जुवाटकरनं. तोही त्याच बोटीवर होता. त्या बंदरात तापानं फणफणला म्हणून त्याला उतरवलं आणि तो वाचला. "सखाराम माझ्यादेखत उतरलो," तो सांगायचा. "मगे काय परत चढताना दिसाक नाय." पुढचं गावानंच रचलं. कुणी म्हणे तिकडे त्यानं तांबड्या केसांची मडम केली, कुणी म्हणे बेकरी काढली.

आजीनं ऐकून घेतलं. तिला लोकांनी दोन्ही बाजूंनी सल्ले दिले. मेला समज आणि मोकळी हो. पळाला समज आणि विसर. तिनं दोन्ही केलं नाही. "माणूस गेल्याची खरी खबर इली की न्हातलंय," ती म्हणायची. लांबच्या मरणाची बातमी जेव्हा कानावर येईल तेव्हा डोक्यावरून आंघोळ करायची, मग ती वर्षानं येवो की दहा वर्षांनी, हा रिवाज. अफवेची आंघोळ नसते. आजी सत्तर वर्षांची होऊन गेली, ती आंघोळ न करता.

आणि शालनची आई द्वारका, जी तेव्हा तीन वर्षांची होती, ती वाढली 'पळपुट्याचं चेडू', पळपुट्याची पोर म्हणून. भांडण झालं की हा शब्द यायचा. लग्न ठरताना आला, शालनच्या बारशाला आला. द्वारकाबाईनं त्याला कधी उत्तर दिलं नाही. आता ती पंचाण्णव वर्षांची होती, आणि शालनच्या मागेच, खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसून, त्या खोलीत काय चाललंय ते अर्ध्या कानानं ऐकत होती. घरी तिला एकटं ठेवता येत नसे, एवढंच तिच्या इथं असण्याचं कारण.

"आदरणीय शालन," कानातल्या यंत्रानं अनुवाद केला. बोलत होती गुद्रुन, जहाजावरून यंत्र चालवणारी बाई. कानातल्या यंत्राचं मराठी नेहमी लग्नपत्रिकेसारखं असे. "आपण सध्या खलाश्यांच्या चुलीजवळ उपस्थित आहात. कृपया डावीकडे हस्त प्रसारित करावा."

शालननं हात पुढं केला. या बोटींवर आपल्या माणसांची चूल वेगळी असायची, तिच्यावर रांधणारा भंडारी वेगळा. पडद्यावर काही दिसत नव्हतं. जरा हललं की मेतकूट उडायचं आणि तासभर खाली बसायचं नाही. नुसता करडा धूर. त्या धुरात शालनला फार बरं वाटायचं. डोळे मिटावेत आणि हातानंच चालावं. हा तवा. ही पळी, तिचा दांडा वाकलेला. हा पाटा, अरे, पाटा! विजयदुर्गहून इथवर कुणी पाटा वाहून आणला? तिनं पाट्यावरून तळवा फिरवला. टाकी घातलेल्या बारीक खळग्या अजून तशाच होत्या.

पाट्याच्या पलीकडे, भिंतीच्या कोनाड्यात, काहीतरी गोल.

बरणी. मातीची, चकचकीत झिलईची, तोंड भिंतीकडे करून कलंडलेली. शालनची बोटं वळसा घालून गळ्यापाशी गेली. तिथं कापड होतं. तिनं चिमटीत धरलं आणि ती थबकली.

"हे सुती नाही," ती म्हणाली. "लोकर आहे. विणलेली. आणि दोन प्रकारची गं. वर लांब, राठ केस, आणि आत एकदम मऊ, पिसासारखे."

जहाजावर गुद्रुन काहीतरी भराभर बोलली. मग अनुवाद आला. "ही आमच्या मेंढीची लोकर आहे. अशी दुहेरी लोकर अन्यत्र क्वचितच आढळते. आमच्या गावच्या स्त्रियांनी, जहाज निघण्याच्या पूर्वी, थंडीने कुडकुडणाऱ्या खलाश्यांस मोजे दिले होते. माझी पणजी ही कथा सांगत असे."

निशिकांतनं शालनकडं पाहिलं. "म्हणजे कुणीतरी पायमोजा कापून दादरा केला?"

मागून द्वारकाबाईचा आवाज आला. "पायमोजो? लोणच्याक? धुतलेलो तरी हुतो मां?"

सगळे हसले. शालन हसली नाही. तिची बोटं मोज्याभोवती गुंडाळलेल्या लोकरीच्या दोऱ्यावरून सरकत होती आणि गाठीशी आली होती.

दादरा सगळेच सुरगाठीनं बांधतात. टोक ओढलं की मोकळी. पण आजी डावखुरी होती. वाढताना लोक नावं ठेवत म्हणून ती उजव्या हातानं वाढायची, पण गाठ बांधायची डाव्यानंच. तिची सुरगाठ उलटी पडायची. ती डावीकडे, अंगठा खालून घालून ओढली तरच सुटायची. उजव्या सवयीनं ओढली की तीच गाठ आवळून निरगाठ व्हायची. घरात कैरी चोरणारा हमखास सापडायचा. आजीची गाठ आजोबांना येत होती, द्वारकाला आली, द्वारकाकडून शालनला. गावात दुसऱ्या कुणाला नाही.

"निशिकांत," शालन हळूच म्हणाली, "ही आमच्या घरातली गाठ आहे."

मग तिनं सगळं सांगितलं. फरारी, पांडू, मडम, सगळं. आणि हेही की बोट स्कॉटलंडहून आधी आइसलंडला गेली, मोजे तिथं मिळाले. म्हणजे हा दादरा बांधणारा हात स्कॉटलंडनंतर बोटीवर होता.

"बाई, तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत?" निशिकांतनं विचारलं.

"सांगितलं असतं तर मला या खुर्चीत बसवलं असतंस?"

"नसतं," तो म्हणाला. "कारण आता जे होणार तेच होणार होतं. बाई, गाठ डावी की उजवी, हे खालच्या ठिपक्यांना कळत नाहीये. लोकर फुगलीये. आकडे बघितले तर नुसता एक गोळा दिसतो. त्या गोळ्याची डावी गाठ कुणी केली? तुमच्या हातमोज्यानं. तो महिनाभर तुमचा हात शिकलाय, आणि तुमच्या हाताला ही एकच गाठ येते. उद्या मी हे समितीपुढं ठेवलं तर ते म्हणतील, म्हातारीला जे हवं होतं तेच तिच्या हाताला लागलं."

शालननं पुन्हा बोटं गाठीवर ठेवली. ती तिथं होती. स्पष्ट, डावी, आजीची. की नव्हती? आयुष्यभर तिनं आपल्या हातावर विश्वास ठेवला होता. डोळे अधू झाले, नावं विसरायला लागली, पण हात कधी खोटं बोलला नव्हता. आता पहिल्यांदाच तिला आपल्याच हाताची भीती वाटली.

"ओढून बघितली तर?" तिनं विचारलं. "डावीकडून. सुटली तर आजोबांची, आवळली तर दुसऱ्या कुणाची."

"चालेल. गाठ सुटल्यावर ताण शून्य होतो, तो खरा आकडा असतो. पण तुमच्या हातमोज्यातून नाही. तो गाठ सुटल्याचा भास आधीच देईल आणि तुमचा हात ओढतच राहील. ब्याण्णव वर्षांची लोकर, तटकन तुटेल. मग काहीच कळणार नाही." निशिकांतनं टकलावरून हात फिरवला. "एक कोरा हातमोजा आहे माझ्याकडे. काही न शिकलेला. तो अंदाज देत नाही, जे खरं तेच देतो, अर्ध्या सेकंदानं उशिरा. पण त्यानं काम करणं कुणालाच जमलेलं नाही. आमची तरुण पोरं प्रयत्न करून थकली. माणसाचा हात थांबतच नाही तेवढा."

"माजो थांबता," द्वारकाबाई म्हणाली.

दोघांनी वळून पाहिलं. म्हातारीनं डावा हात मांडीवरून उचलला होता. तो उचलून खांद्याच्या उंचीला यायला त्याला चांगला वेळ लागला.

"आये, तू राहू दे," शालन घाईनं म्हणाली.

"कित्या?"

आई इतकी वर्षं काहीच न बोलता राहिली, ती कशाच्या आधारावर, हे शालनला माहीत होतं. कुणी शाबित केलं नव्हतं, हाच तो आधार. आता एक ओढ, आणि गाठ आवळली गेली, तर या वयात तो शब्द खरा होऊन तिच्या पदरात पडणार. आणि तोही तिच्याच हातानं.

"आवळली तर गो?" शालननं विचारलं.

"आवळली तर आवळली. माज्या आवशीन जल्मभर वाट बघल्यान, खरी खबर येवची म्हणान. वाट बघूक मी आता अजून किती वरसां काढू?" मग निशिकांतकडे वळून, "अर्ध्या सेकंदाची माका कसली घाई रे बाबा? घाल तो मोजो. ह्यो तरी धुतलेलो आसा मां?"

"कोरा आहे, आजी."

"मगे बरो."

हातमोजा तिला सैल झाला. निशिकांतनं मनगटाशी पट्टी आवळली. शालननं आपले हात काढून घेतले; त्या जागी, खाली काळोखात, यंत्राचा डावा हात क्षणभर निर्जीव लोंबला आणि मग फार फार हळू हलू लागला.

"गार आसा," द्वारकाबाई म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. तिनं डोळे मिटले होते. तिचं बोट हलायचं, थांबायचं, आणि थांबल्यावर तिला कळायचं की ते कुठं पोचलंय. शालनला आठवलं, आई सगळंच असं करते. पायरी उतरते, घोट गिळते, नाव आठवते. मधल्या थांबण्यात ती कुठं जाते कोण जाणे. आज ती जात होती ते ठिकाण तरी माहीत होतं.

"ही मान," ती पुटपुटली. "ह्यो पायमोजो. मऊ आसा गो." थांबली. "ही दोरी."

बाहेर कोलंबीवर आलेला कावळा कुणीतरी हुसकावला.

"टोक गावला," द्वारकाबाई म्हणाली. तिचा अंगठा हळूच खाली वळला, तर्जनीच्या आतून. शालननं तो वळताना पाहिला आणि तिचा स्वतःचा अंगठा मांडीवर तसाच वळला. म्हातारी ओढू लागली. भाताची पेज निवावी इतक्या सावकाश.

निशिकांतच्या पडद्यावर एक आकडा चढत होता. चढला, चढला. शालननं पडद्याकडं बघायचं नाही असं ठरवलं आणि आईच्या चेहऱ्याकडं बघत राहिली. तिथं काहीच नव्हतं. अर्धा सेकंद तिथं काहीच नव्हतं.

मग द्वारकाबाईचं तोंड जरासं उघडलं, लहान मुलीचं उघडावं तसं.

"शून्य," निशिकांत म्हणाला. "बाई, शून्य. सुटली."

द्वारकाबाईचं बोट अजून हलत होतं. मोजा बाजूला झाला होता. ते बोट बरणीच्या काठावरून आत गेलं. आतलं मीठपाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा जड. ते एवढी वर्षं कलंडलेल्या बरणीच्या पोटाशी तसंच धरून राहिलेलं होतं.

"कैरी आसा," ती म्हणाली. "अर्दी. कोय काढलेली." मग बऱ्याच वेळानं, "दोनच उरल्यात. पुरवून खाल्ल्यान."

गुद्रुननं विचारलं, काही वर आणायचं आहे का. करारात एका वस्तूला परवानगी होती. निशिकांतनं शालनकडं पाहिलं, शालननं आईकडं.

"नाय," द्वारकाबाई म्हणाली. "उघडी ठेवची नाय तेवढी. मी बांधतंय." आणि तिनं मोजा परत बरणीच्या तोंडावर ओढला, दोरा धरला. बांधायला पाऊण तास लागला. दोनदा टोक निसटलं. तिसऱ्यांदा गाठ बसली. सुरगाठ, डावी. वर जहाजावरच्या बाईनं तोवर यंत्र एक इंचही हलू दिलं नाही.

हातमोजा काढला तेव्हा म्हातारीचा हात बर्फासारखा होता. निशिकांत तिच्या पायाशी उकिडवा बसला. त्यानं पाटी घेतली होती.

"आजी, दगडावर चव्वेचाळिसावं नाव लिहायचंय. पूर्ण सांगा. मी आकडे जोडून आजच समितीला पाठवतो. आता कुणी नाही म्हणू शकणार नाही."

"सखाराम लक्ष्मण कोयंडे. विजयदुर्ग." ती थांबली. "तो उतरलो असात. पाय मोकळे करूक. आणि परत इलो असात. उशिरा. तो वहीवालो झोपान गेलो असात."

"असंच झालं असणार, आजी."

"असात नाय. झाला." तिनं शालनकडं हात केला. "चल गो घराक. पाणी तापव."

"चहा हवाय?"

"चाय कसली? बापूस गेल्याची खबर इली नाय काय आज? माका डोक्यावरसून आंघोळ करूक होयी. आवशीची ऱ्हवलेली, ती पण माज्यानच."

घरी शालननं मोठ्या पातेल्यात पाणी चढवलं. आईला न्हाणीत पाटावर बसवली, पाठीला हात लावून धरली. पहिला तांब्या आजीचा, असं म्हातारीनंच सांगितलं. दुसरा तिचा. पाणी पांढऱ्या केसांवरून, मिटलेल्या डोळ्यांवरून, खांद्यावरून वाहिलं. तिसरा तांब्या शालननं आईच्या डाव्या हातावर ओतला. तो हात अजून गार होता. तो ऊन होईपर्यंत ती ओतत राहिली.